ठोक्याशी सकाळी बोलायचं नाही

हा नियम गावात कुणी कागदावर लिहून ठेवलेला नव्हता, पण शेंबड्या पोरालाही तो माहीत होता. ठोक्या खाणीतून बाहेर येऊन 'ठीक' म्हणेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. 'काय, कसं काय' नाही, 'थंडी वाढली हो' नाही, काही नाही. मुकादमापासून मॅनेजरपर्यंत सगळे नुसती मान डोलवत आणि बाजूला होत. कारण साधं होतं. दोनशे माणसांचा जीव त्याच्या कानावर अवलंबून असे, आणि सकाळी सकाळी आपल्या बडबडीनं तो कान भरून टाकायची कुणाची तयारी नव्हती.

काम म्हणाल तर कुणालाही जमेल असं वाटणारं. टोकाला लोखंड बसवलेली लांब काठी घ्यायची आणि पाळी आत जायच्या आधी बोगद्याचं छत ठोकत ठोकत शेवटपर्यंत जायचं. धड खडक 'ठण्ण' वाजतो. मागून सुटलेला, आज ना उद्या खाली येणारा खडक 'भद' वाजतो. भद वाजला की पहार लावून तो आपणच पाडायचा, म्हणजे कुणाच्या टाळक्यात पडत नाही. बाहेर येऊन वहीत एकच शब्द लिहायचा, 'ठीक' किंवा 'नाही', आणि खाली सही ठोकायची. 'नाही' लिहिलं की सगळी पाळी तोंडाशी टाकलेल्या फळ्यांवर बसून राही. का, किती वेळ, असं कुणी विचारत नसे. एका नव्या मॅनेजरनं एकदा विचारलं होतं. दोनशे माणसं त्याच्याकडे अशी बघायला लागली की तो बिचारा घड्याळाला किल्ली देत आपल्या ऑफिसात परत गेला.

ठोक्यानं हे काम एकतीस वर्षं केलं. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच राहिलं. गावात तो ठोक्या, त्याची बायको ठोक्याची बायको आणि मुलगी ठोक्याची लेक. बायको जात्याच बोलकी. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, नवरा रागीट पदरी पडला. सकाळी चहा पुढं केला तर हूं नाही की चूं नाही. मग शेजारणीनं सांगितलं, अगं, रागीट नाही, कान जपतोय. तेव्हापासून ती सकाळभर तोंडाला कुलूप लावायची आणि दहाचा भोंगा झाला की जे सुरू व्हायची ते रात्री दिवा मालवेपर्यंत. लेकही त्याच शिस्तीत वाढली. शाळेच्या वहीवर सकाळी बापाची सही हवी असली तर ती वही आणि पेन मुकाट्यानं बशीशेजारी ठेवून द्यायची.

ठोकायची खोड ठोक्याला घरीही होती. दुकानात कप घ्यायला गेला की नखानं टिचकी मारून बघणार. लेक लहान असताना तो टेबलावर सहा कप उपडे ठेवायचा आणि तिला पाठमोरी बसवायचा. यातला तडकलेला कुठला, सांग. सातव्या वर्षी ती एकदाही चुकेनाशी झाली. बायको म्हणायची, माझे धड कप असे ठोकून ठोकूनच तडकतात, त्याचं काय?

नऊ वर्षांपूर्वी तांबं संपलं. म्हणजे डोंगरात होतं, पण काढायला परवडेना. खाण बंद झाली आणि अर्धं गाव वर्षभरात खाली शहरांकडे निघून गेलं. उरलेल्या अर्ध्यानं दोन हिवाळे एकमेकांची तोंडं बघत काढले. तिसऱ्या वर्षी कुणीतरी डोंगरकड्यावरून दोरानं लोंबकळायला आलं, त्यानं चार फोटो कुठंतरी टाकले, आणि मग माणसं यायला लागली. आधी आठवड्याला एक गाडी, मग रोज चार. बघता बघता गावानं कात टाकली. गमबूट विकणारं दुकान इवल्या हेल्मेटच्या किल्लीच्या साखळ्या विकायला लागलं. कामगारांच्या चाळीतल्या एकेका खोलीच्या हॉटेलवाल्यांनी दोनदोन खोल्या केल्या, भिंती गुळगुळीत केल्या आणि पांढऱ्या चादरी घातल्या. ज्या खोलीत माणसं पाळीनंतर अंगावरची काळी माती धूत, तिथं आता शहरी बायका गरम पाण्यात बसून डोळे मिटायच्या आणि त्याचे पैसे द्यायच्या. ठोक्याला याचं दुःख नव्हतं. त्याला नवल वाटायचं, एवढंच. आपण ज्या डोंगरातून जिवंत बाहेर यायला धडपडायचो, तिथं माणसं हौसेनं कशी येतात, हे कोडं काही त्याला सुटत नव्हतं.

लेकीनं मात्र ते सोडवलं होतं. ती खाणीच्या ऑफिसात कारकून होती. नोकरी गेल्यावर गाव न सोडलेल्या चौदा जणांना तिनं गोळा केलं आणि पहिला बोगदा, डोंगराच्या पोटात आडवा जाणारा, दोनशे चाळीस पावलांचा, पाहुण्यांना दाखवायचं ठरवलं. चौदाच्या चौदा जुने खाणकामगार. कुणी तिकिटाच्या खिडकीत, कुणी दिवे वाटायला, कुणी आत उभं राहून माहिती सांगायला. परवान्यासाठी तिनं तीन वर्षं चपला झिजवल्या. शेवटी सुरक्षेच्या निरीक्षकानं एकच अट घातली. रोज पहिल्या फेरीआधी प्रमाणपत्र असलेल्या माणसानं छत ठोकून वहीत सही करायची. ज्या दिवशी सही नाही, त्या दिवशी फेरी नाही.

गावात असं प्रमाणपत्र तीनच माणसांकडे होतं. एक वारला होता, दुसरा मुलाकडे खाली सपाटीवरच्या गावात राहायला गेला होता. तिसरा ठोक्या. लेक घरी पळतच आली होती त्या दिवशी. "बाबा, तुमच्यामुळे जमलं," ती म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पडली. ती शेवटची कधी गळ्यात पडली होती हे त्याला आठवेना.

त्या क्षणी त्यानं सांगायला हवं होतं. ते त्यालाही कळत होतं. पण त्याचे हात तिच्या पाठीवर होते आणि तोंड काही उघडलं नाही.

सांगायचं होतं ते असं, की ठोक्याला ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिरा झाला होता असंही नाही. समोर बसून कुणी बोललं तर ओठ बघून आणि थोडं ऐकून त्याचं भागायचं. पण सुरुंगांनी त्याच्या कानातला वरचा, बारीक सूर खाऊन टाकला होता. पाखरं, घड्याळाची टिकटिक, चमचा पडल्याचा आवाज, हे सगळं एकेक करून गेलं. प्रमाणपत्र पुन्हा चालू करून घ्यायला गेला तेव्हा डॉक्टरनं डोळे तपासले, रक्तदाब बघितला, गुडघे वाकवून पाहिले. कान तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही. समोरासमोर बसून दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत होते, त्याला कशाला शंका येईल?

पहिल्या दिवशी ठोक्या नवी काठी घेऊन बोगद्यात शिरला. तोंडापाशीच त्यानं छत ठोकलं. भद. दोन पावलं पुढं गेला. भद. आणखी पुढं, भद. दहाव्या पावलाशी त्याच्या पाठीला घाम फुटला. अख्खा डोंगर सुटलाय की काय? मग त्यानं दिवा खाली ठेवला आणि शांतपणे विचार केला. नऊ वर्षांत सगळा बोगदा काही पोकळ होत नाही. खडक वाजत असणार. ठण्णकारच आपल्यापर्यंत पोचत नाही, उरतो तो नुसता धपका.

त्याला रडू आलं नाही, पण तो बराच वेळ तिथं दिव्याजवळ बसून राहिला. मग उठला आणि जुन्या मुकादमानं शिकवलेलं आठवून त्यानं डावा तळवा छताला टेकवला आणि उजव्या हातानं ठोकलं. सुटलेला खडक ठोकला की तळव्याखाली थरथरतो. इथं थरथर नव्हती. तसाच तळवा टेकवत टेकवत तो आत गेला. जिथं छत उंच होतं, हात पोचत नव्हता, तिथं काठीतून जे कळेल ते. आपल्या हाताला तेवढंही पुरतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बाहेर आला तेव्हा लेक वही उघडून, पेन काढून उभी होती. मागं चौदा जण नव्या कोऱ्या हेल्मेटांत ओळीनं उभे. कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. नियम होता ना.

त्यानं 'ठीक' लिहिलं आणि सही केली.

असे दहा दिवस गेले. गंमत बघा, ज्या नियमानं त्याचा कान जपला, त्याच नियमाखाली त्याचं बहिरेपण लपलं. लेकीची आणि त्याची गाठ पडायची ती सकाळी, आणि सकाळी ती त्याच्याशी बोलणार नव्हती. तो घरी यायचा तेव्हा ती बोगद्यात, आणि ती घरी यायची तेव्हा दमून बोलायचीच नाही. ठोक्याला रोज वाटायचं, आज सांगू. रोज चौदा हेल्मेटं दिसायची आणि धीर सुटायचा. झोप मात्र पार उडाली होती.

अकराव्या दिवशी खालच्या शहरातून मोठी बस येणार होती. सहलींच्या एका कंपनीची बाई चाळीस माणसं घेऊन येत होती. बोगदा आवडला तर मोसमभर दर आठवड्याला दोन बस पाठवायचं ती बोलली होती. लेक आठ दिवस त्याच एका गोष्टीमागं होती. दोन बस म्हणजे चौदा घरांचा हिवाळा निघाला, असा तिचा हिशेब होता. बापाच्या बशीशेजारी तिनं त्या सकाळी एक चिठ्ठी ठेवली होती, 'आज लवकर, साडेसातला.' ठोक्यानं ती वाचली, खिशात घातली आणि काठी घेऊन निघाला.

पहिल्या वळणापर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. दुसऱ्या वळणाला छत ठेंगणं होतं. त्यानं तळवा टेकवला आणि ठोकलं. तळव्याखाली थरथर झाली.

त्यानं काठी खाली घेतली. थरथर थांबली नाही. त्यानं आणखी थोडं सरकून तळवा ठेवला. खडक ठोकल्याशिवायच हलत होता. मधेच थांबायचा, मग पुन्हा धाड धाड धाड असा हाताला लागायचा. एकतीस वर्षांत असं एकदाच झालं होतं. खाणीच्या सातव्या मजल्यावर, तो शिकाऊ असताना. तेव्हाच्या ठोक्यानं हात टेकवला, काही न बोलता सगळ्यांना ढकलत ढकलत बाहेर काढलं आणि पाऊण तासानं तो मजला खचून मिटला. त्या दिवशी कुणीही मेलं नाही, म्हणून कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नाही. पण ठोक्याच्या तळव्याच्या लक्षात होतं.

म्हातारा त्या दिवशी पळाला. पासष्टीचा माणूस, दिवा हातात, काठी काखेत, ठेचकाळत बोगद्याच्या तोंडाशी आला. बाहेर उन्हात बस उभी होती. चाळीस माणसं हेल्मेटं घालून एकमेकांचे फोटो काढत होती. लेक वही घेऊन पुढं झाली आणि त्याचं तोंड बघून जागच्या जागी थांबली.

"नाही," ठोक्या म्हणाला. "दुसऱ्या वळणाला डोंगर हलतोय. कुणी आत जायचं नाही."

त्याला वाटलं होतं, ती घाबरेल. ती घाबरली नाही. तिनं बोगद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, पुन्हा बोगद्याकडे. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोड्यात पडलेल्या माणसाच्या असतात तशा होत्या त्या, भीतीच्या नव्हत्या.

"बाबा, तुम्ही त्या आवाजातच ठोकलंत?"

"कुठल्या आवाजात?"

तिनं दिवा घेतला, त्याची बाही धरली आणि त्याला आत घेऊन निघाली. तो नको नको म्हणत होता, तिला मागं ओढत होता, पण ती ऐकेना. दुसऱ्या वळणाशी ती थांबली. छताच्या कोपऱ्यात एक दगड होता, त्यावर तिनं हात घातला आणि तो दगड टोपलीसारखा अलगद निघून आला. रंग दिलेला फायबरचा दगड. त्याच्या मागं हातभर रुंद, काळा, गोल जाळीचा भोंगा खडकाला बोल्ट मारून घट्ट बसवलेला होता. तिनं मागची वायर उपटली.

"हात ठेवा आता," तिनं छताकडे बोट केलं.

त्यानं ठेवला. खडक थंडगार आणि गप्प होता. तिनं वायर पुन्हा लावली. धाड धाड धाड, तळव्याला लागलं.

"छिन्नी-घणांचा खणखणाट आहे. पाहुण्यांना खाण चालू असल्यासारखी वाटावी म्हणून. वायरमननं काल संध्याकाळी बसवला आणि बंद करायला विसरला. सकाळी वीज चालू केली तेव्हापासून बोंबलतोय. बाहेर जीपच्या थांब्यापर्यंत ऐकू येतोय." बोलता बोलता तिचा चेहरा बदलत गेला. "मला वाटलं, तुम्ही दोन मिनिटांत बाहेर याल आणि शिव्या घालाल. पण तुम्ही बोलल्याशिवाय मी कशी बोलणार, आत तरी कशी येणार? म्हणून वाट बघत राहिले. वीस मिनिटं."

भोंगा त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं जाळीकडे पाहिलं. जाळी थरथरत होती.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिनं वायर काढून टाकली, जाळी थरथरायची थांबली.

"कधीपासून?"

"कमी कमी होत गेलं. दोन वर्षं झाली, अगदीच गेलं त्याला."

"आणि सही करत होतात."

"हो."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ठोक्याला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडायला तिला पुरेपूर हक्क होता. पण तिनं हात काढले तेव्हा ती दुसराच विचार करत होती. ती खाणीच्या ऑफिसात वाढलेली, तीन वर्षं परवान्यासाठी वणवण केलेली बाई होती आणि बाहेर चाळीस माणसं उभी होती.

"म्हणजे हलत होता तो भोंगा," ती सावकाश म्हणाली. त्याला ओठ दिसावेत म्हणून दिवा तिनं स्वतःच्या तोंडाजवळ धरला होता. "डोंगर नाही. मग छताला काही झालेलं नाही. आज ही बस होऊ द्या. उद्यापासून आपण काहीतरी करू, दुसरा माणूस बघू. आज फक्त 'ठीक' लिहा."

ठोक्याला ते लिहायला काय जड होतं? दहा वेळा लिहिलं होतं. अकरावं लिहिलं असतं तर दर आठवड्याच्या बस सुरू झाल्या असत्या, चौदा घरांचा हिवाळा निघाला असता आणि बाप-लेकीशिवाय कुणाला पत्ता लागला नसता. त्याला लिहायचंही होतं. लेकीच्या डोळ्यांत बघून नाही म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"छत ठीक आहे की नाही, ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "आज माहीत नाही आणि दहा दिवस माहीत नव्हतं. मी अंदाजानं लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं म्हणालो तर तेही खोटंच. मला पुन्हा ठोक्या व्हायचं होतं."

मग तिनं दिवा त्याच्या हातात दिला आणि काठी आपल्या हातात घेतली.

"कुठून सुरू करायचं?"

"तोंडापासून. दर पावलाला एक. मनगट सैल ठेव."

ती ठोकायला लागली. तो डावा तळवा टेकवून बाजूनं चालत होता. ती ठोकायची, क्षणभर मान तिरकी करायची आणि त्याच्याकडे बघून मान हलवायची: वाजला. मान तिरकी करायची ती तऱ्हा ठोक्यानं कपांच्या खेळात पाहिली होती. पाठमोरी बसलेली सात वर्षांची मुलगी अशीच मान करायची. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. भोंग्याखालचा खडक उत्तम होता.

तिसऱ्या वळणापुढं बोगदा रुंद होतो आणि छत दोन पुरुष उंच जातं. तिथं जुनी दगड वाहायची ढकलगाडी रंगवून ठेवली होती. प्रत्येक फेरीत मुलांना तिच्यात बसवून आईबाप फोटो काढत. ठोक्याचा हात तिथं पोचत नव्हता. लेकीनं काठी उंच केली आणि ठोकलं. मान तिरकी केली. पुन्हा ठोकलं. वीतभर सरकून पुन्हा.

"इथं वेगळं आहे," ती म्हणाली. "इथं तडकलेला कप आहे."

ठोक्यानं तिला मागं घेतलं, स्वतः बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि गाडीशेजारी सजावटीला ठेवलेली लांब पहार त्या जागेच्या कडेला असलेल्या फटीत सारली. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जोर लावला, थोडी माती गळली. तिसऱ्यांदा त्यानं अंगाचं सगळं वजन पहारेवर टाकलं. पाय घसरला, पहार सुटली, आणि दरवाजाच्या पाऊण आकाराची एक शिळा डोंगरातून निघून ढकलगाडीत पडली. तो आवाज त्यालाही ऐकू आला.

धूळ बसली तेव्हा गाडीची एक बाजू चपटी झालेली दिसली. लाल रंग ताजाच होता. आतल्या बसायच्या फळीचे दोन तुकडे झाले होते.

तो दगड आपणहून पडला असता का? दहा वर्षं पडला नसता, किंवा त्याच दुपारी पडला असता. ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर ठोक्या ठेवतात. लेक जमिनीवर बसली. काल दुपारी त्या गाडीत जुळी पोरं बसली होती, असं ती म्हणाली, पुन्हा तेच म्हणाली, आणि मग रडायला लागली. ठोक्या तिच्याजवळ बसला. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाहेर आल्यावर कंपनीची बाई पुढं आली. किती वेळ लागेल, असं काहीतरी ती विचारत असावी. लेकीनं डोळे पुसलेले नव्हते. "आज नाही," तिनं सांगितलं. बाईनं आणखी काही विचारलं. पण तेवढ्यात चौदा जणांनी एकेक करून हेल्मेटं काढली आणि ते तोंडाशी टाकलेल्या फळ्यांवर जाऊन बसले, जसे ते पूर्वी बसत. कुणी का म्हणून विचारलं नाही. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली माणसं घेऊन ती चहाच्या दुकानाकडे निघाली.

ठोक्यानं वही उघडली. आजच्या तारखेपुढं 'नाही' लिहिलं आणि सही केली. मग पान मागं उलटलं. पेनातली शाई तेवढ्यात संपली. तो खिसे चाचपत राहिला. लेक शेजारीच उभी होती, आणि तो काय करणार आहे हे तिला कळलं होतं. ती वही निरीक्षक उघडणार, आणि मग परवान्याचं काय होणार, हेही तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तिनं आपलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं दहाच्या दहा 'ठीक' खोडले. प्रत्येकासमोर लिहिलं, 'ऐकू आलं नाही.'

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मला कधीचं माहीत आहे. मी घड्याळाचे ठोके कधीचे बंद करून ठेवलेत. तुम्ही विचारलंत कधी?" मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

निरीक्षकानं वही पाहिली आणि परवाना चार महिने थांबवला. ठोक्याचं प्रमाणपत्र त्यानं तिथंच काढून घेतलं. आणखीही करता आलं असतं, पण त्या खोडलेल्या पानावर तो बराच वेळ बोट ठेवून होता, आणि मग एवढंच लिहिलं. कंपनीच्या बाईची बस पलीकडच्या खोऱ्यातल्या धबधब्याकडे जायला लागली. चौदांपैकी पाच जण खाली शहरात कामाला गेले. त्यांतल्या एकानं जाताना ठोक्याकडे पाहिलं नाही, आणि ठोक्याला त्यात काही चूक वाटली नाही. दुसऱ्या खाणीतला एक ठोक्या आठवड्यातून तीनदा वर येऊन लेकीला शिकवू लागला. चौथ्या महिन्यात तिची परीक्षा झाली. कानांची तपासणी तिनं स्वतःहून मागून घेतली.

या चार महिन्यांत ठोक्याच्या घरी एक नवीन गोष्ट झाली. बायको सकाळी बोलायला लागली. खाण बंद झाल्यावरही सकाळचं कुलूप तिनं सवयीनं तसंच ठेवलं होतं, त्यामुळे चाळीस वर्षांचं साठलेलं होतं. चहा ओतता ओतता सुरू व्हायची, समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून. अर्धंमुर्धं त्याला कळायचं. राहिलेलं तो मान हलवून निभावून न्यायचा, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

बोगदा पुन्हा उघडायचा होता त्या सकाळीही ती बोलत होती. शेजारच्या हॉटेलवाल्यानं भिंतींना दिलेल्या रंगाबद्दल काहीतरी होतं. 'हा असा,' म्हणत तिनं हात हवेत उचलला आणि तिचे ओठ मधेच थांबले. हात तसाच राहिला. ठोक्यानं मागं वळून पाहिलं. लेक दारात उभी होती, हातात काठी होती. तिनं काठी भिंतीला टेकवली आणि ती टेबलाशी बसली. बायकोनं हात खाली घेतला, एक अक्षर न बोलता तिच्यापुढं चहा ठेवला आणि आपली खुर्ची उचलून, न घासता, मागं घेतली.

ठोक्याला काहीतरी सांगावंसं वाटत होतं. मनगट सैल ठेव, असं काहीतरी. तो बोलला नाही. त्याच्या चहात साखर कमी होती, ते मागायचंही त्यानं टाळलं. तो उठला आणि फडताळातला साखरेचा पत्र्याचा डबा त्यानं दोन्ही हातांनी अगदी जपून खाली घेतला. झाकण उघडलं. आवाज झाला की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यानं बायकोकडे पाहिलं.

तिनं मान हलवली. नाही झाला.